पाय पाहणारा उमेदवार

आमच्या पार्लरच्या काचेवर लाल अक्षरांत 'फक्त महिलांसाठी' असं लिहिलेलं आहे. अक्षरं चांगली हातभर मोठी आहेत. तरी एका दुपारी ते दार खांद्याने ढकलून एक उंच, कमरेत वाकलेला, पांढऱ्या शर्ट-पायजम्यातला माणूस सरळ आत आला. त्याच्या दंडाला धरून एक म्हातारी. मॅडमच्या हातातला ड्रायर तसाच चालू राहिला आणि खुर्चीतल्या बाईच्या एकाच बाजूचे केस तापत राहिले.

"पायाचं काम कोण करते इथं?" त्याने विचारलं.

मी हात वर केला. आठवीपर्यंत शाळेत जे शिकले त्यातलं एवढंच अंगात राहिलं असावं. कोणी दरडावून विचारलं की माझा हात आपोआप वर जातो.

त्याने म्हातारीला पेडिक्युअरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः फरशीवर गुडघे टेकले. तिच्या पायातली चप्पल काढली तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. अंगठ्याचं नख वाढत वाढत बकरीच्या शिंगासारखं वळलं होतं आणि शेजारच्या बोटात शिरलं होतं. मी रोज पाय हाताळते. लग्नाआधीच्या नवऱ्या मुलींचे, बँकेतल्या बायकांचे, मऊ, साय लावलेले पाय. माणसाचं नख त्याच्याच मांसात शिरू शकतं हे मला माहीत नव्हतं.

"आई का तुमच्या?" मॅडमनी विचारलं. माणूस वजनदार दिसत होता म्हणून आवाज गोड ठेवून.

"नाई. बसस्टँडवर भेटली. लंगडत होती."

टबात पाणी ओतलं तर त्याने आधी स्वतःचं कोपर त्यात बुडवलं. म्हाताऱ्या पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही, असं तो म्हणाला, आणि मला गार पाणी मिसळायला लावलं. बराच वेळ पाय भिजला. मग मी नखं तोडायचा निपर घेतला. तो पाऊल घट्ट धरून बसला. शिंग सुटलं आणि टबाच्या काठावर आपटल्याचा टक्कन आवाज आला. म्हातारीने पाय फरशीवर ठेवला, उचलला, परत ठेवला. मग म्हणाली, "आता वावरात जाता येईन." एवढंच म्हणाली.

मला त्याने गाव विचारलं. मी सांगितलं, कोकणात, देवगडकडे. एवढ्या लांब कशी? नवऱ्याला इकडे नागपूरजवळ कोराडीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे काम लागलं म्हणून. शिक्षण? मी नेहमीसारखं खालच्या आवाजात सांगितलं, आठवी.

"मंग मायापेक्षा एक वर्ग जास्त," तो म्हणाला.

जाताना मी म्हणाले, तुमचे उपकार झाले. काय उपकार झाले हे मलाही माहीत नव्हतं. परमुलखात राहून मला ती सवयच लागली आहे. मी बसच्या कंडक्टरलाही उपकार म्हणते, सुट्टे परत दिले तर. तो माणूस दारात थांबला, वळला, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "कायचे उपकार वं? नख तू कापलं."

तो गेल्यावर मॅडमनी सांगितलं की हे भाऊ. नरखेडकडे संत्र्याचा बगीचा आहे, पंचायत समितीत होते, आता जिल्हा परिषदेला उभे राहणार आहेत. माणूस चांगला आहे पण थोडा सटकेल आहे.

पुढच्याच आठवड्यात भाऊ पुन्हा आले आणि मॅडमना म्हणाले की ही पोरगी मतदान होईपर्यंत माझ्याकडे पाठवा. मॅडम नाही म्हणू शकल्या नाहीत. मला मात्र धडकी भरली. पार्लरमधली माझी खुर्ची तोवर दुसरीला गेली तर? आणि प्रचारात माझ्यासारखीने करायचं काय? मला तर चारचौघांत नाव सांगताना घाम फुटतो.

भाऊंनी बोलेरोत बसता बसता काम सांगितलं. "टब घेतला ना? झालं मंग."

ज्यांनी निवडणुका पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, उमेदवार गावात आला की म्हाताऱ्यांच्या पाया पडतो. हात गुडघ्याला लागतो न लागतो तोच फोटो निघतो आणि गाडी पुढच्या गावाला जाते. भाऊंच्या पुतण्याने, तोच प्रचार सांभाळायचा, तसाच कार्यक्रम आखला होता. पहिल्याच गावात पारावर एक आजोबा बसले होते. भाऊ वाकले. फोटो निघाला. पण भाऊ वर येईनात. लोकांना वाटलं कंबर धरली. दोघं-तिघं धावले, काखेत हात घालून उचलायला लागले.

"सोडा गा," खालून आवाज आला. "पाय पाहून राहिलो मी."

आजोबा इतके घाबरले की त्यांनी पाय पोटाशी घेतले. जन्मभर त्यांच्या पाया पुष्कळ लोक पडले असतील, पण पाय पाहिले कोणी नव्हते. भाऊंनी गरम पाणी मागितलं. घरातून पितळी पेल्यात पिण्याचं गरम पाणी आलं, खोकला झाला असेल म्हणून. हे पुढे प्रत्येक गावात व्हायचं. कोणी म्हणायचं चहा ठेवतो, भाऊ म्हणायचे चहा नको, पाणी ठेवा, आणि घरातली बाई पेल्यात पाणी आणून द्यायची. मग मी टब दाखवायचे आणि ती बाई एकदा टबाकडे, एकदा उमेदवाराकडे पाहत राहायची.

त्यांच्या पांढऱ्या पायजम्याचे गुडघे कायम मळलेले असायचे. खुर्ची दिली तरी ते बसत नसत. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पाय राहायचे. एका लग्नात पंगतीसमोरून जाताना ते एका पुढाऱ्यापाशी थबकले, त्यांच्या तोंडाकडे न बघता खाली बघत म्हणाले, हे पाय पाहिले आहेत मी कुठं तरी. पुढारी चिडले. ते भाऊंचे सख्खे मेहुणे होते.

घरात शिरायचे ते मागच्या दाराने. मी पहिल्या दिवशी अंगणातच उभी राहिले, परक्याच्या घरात मागून कसं जायचं म्हणून. भाऊ म्हणाले, "समोरच्या दारानं गेलं तं चहा भेटते. मागच्या दारानं गेलं तं घर भेटते." आणि खरंच, म्हातारी माणसं मागेच असायची. न्हाणीजवळच्या खोलीत, गोठ्याच्या भिंतीला लागून, मोटारपंपाच्या पाइपांशेजारी. कोणी वाईट ठेवलेलं नसायचं. जेवणाचं ताट वेळेवर, औषधाची पिशवी खुंटीला. पण पाय मात्र चादरीखाली. चादर काढली की मी रोज नव्याने हबकत होते. टाचांना भेगा, त्यांत माती, बोटं एकमेकांवर चढलेली, नखं कुठल्या कुठे गेलेली. एका बाईला रडू आलं. आम्ही बघत नाही का त्यांच्याकडे, दिवसभर कापसात असतो, म्हणाली. भाऊंनी तिला दोष दिला नाही. "पाहता ना, बाई. तोंडाकडं पाहता. सगळेच तोंडाकडं पाहतात." मग त्यांनी तिला खाली बसवलं आणि तिचेही पाय टबात घालायला लावले. पुतण्या बाहेर घड्याळ पाहत येरझाऱ्या घालत होता.

एका वस्तीत एक आजी होत्या. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याला ताजा हार. भाऊ वाकायला लागले तशा त्या काठी आडवी धरून म्हणाल्या, "आमच्यात पाया पडू देत नाई कोणाले. जयभीम म्हन, अन् बस."

"जयभीम, आजी," भाऊ म्हणाले. "पाया नाई पडत. पाय पाहतो."

"काहून?"

"तुमीच सांगा काहून ते. दुखते का नाई?"

आजींनी काठी बाजूला ठेवली. मग अर्धा तास ती दोघं गुडघ्यांवर बोलत बसली. शेवटी भाऊंनी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला फोन लावला, तो आजींच्या गुडघ्यापाशी धरला आणि पाय हळूच वाकवला. कट् कट् असा आवाज आला. "ऐकलं का साहेब? हे काय वाजते ते सांगा. उपकेंद्राले कुलूप आहे, तिथं विचारता येत नाई." पलीकडून नुसतं हॅलो, हॅलो येत राहिलं. आजी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

खरं तर सगळं भांडण त्या कुलपाचंच होतं. गावोगावी आरोग्य उपकेंद्रं बांधलेली होती, रंग दिलेला होता, आणि दार बंद. नर्सबाईंकडे तीन-तीन गावं, डॉक्टर कधी येतील त्याचा नेम नाही. चालता येतं तो एसटीने सावनेर नाहीतर नागपूर गाठतो. चालता येत नाही तो चादर ओढून घेतो. बाकीचे उमेदवार पूल, रस्ता, विजेची डीपी देणार होते. पुतण्यानेही चांगला भरगच्च जाहीरनामा छापून आणला होता. भाऊंनी तो वाचला आणि एकच वाक्य ठेवलं. दर सोमवारी प्रत्येक उपकेंद्र उघडं राहील आणि तिथे म्हाताऱ्या माणसांना पायापासून वर तपासलं जाईल.

"बस एवढंच?" पुतण्याने विचारलं.

"एवढं झालं तं लय झालं."

"अन् सोमवारच काहून?"

"हिच्या पार्लरले सोमवारी सुट्टी असते."

मी मागच्या सीटवर टब मांडीवर घेऊन बसले होते. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीतलं वचन माझ्या आठवड्याच्या सुट्टीवर ठरलं होतं. मला इतकी भीती वाटली की कोराडीला उतरेपर्यंत मी टब मांडीवरून खाली ठेवला नाही. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, गंमत करत असतील. भाऊ गंमत करत नव्हते. ते ज्या गोष्टी गंमतीत म्हणाले असं वाटायचं त्याच खऱ्या निघायच्या.

विरोधातल्या लोकांना तर चरायला कुरणच मिळालं. भाऊची गाडी आली, लपवा गा पाय. कोणी म्हणायचं, मत देतो पण आधी मायी दाढी कर. भाऊ त्यालाही म्हणायचे, बस, करतो. एका बाईने शनिवारी नखं कापू नका म्हणून दार अडवलं. भाऊ म्हणाले, ठीक आहे, आज नुसते भिजवतो, रविवारी कापायला येतो. आणि रविवारी, पुतण्याने कपाळावर हात मारून घेतला तरी, दुसऱ्या टोकाच्या गावाहून ते खरंच परत आले.

एकदा जेवताना त्यांनी मला विचारलं, "तुह्या मायचे पाय कसे आहेत?"

घास माझ्या हातात राहिला. आईला मी रोज फोन करत होते. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाऊस आहे का. व्हिडिओवर तिचा चेहरा दिसायचा, कधी छप्पर, कधी तिचा कान. त्या दिवशी मी फोन लावला आणि म्हटलं, आई, पाय दाखव. तिला वाटलं मला काहीतरी झालंय. "पाय बघूक फोन केलंस? माझ्या पायांका काय झाला?" म्हणाली. मग भावाच्या मुलाने फोन खाली नेला. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तिचे पाय, मी लहानपणी ज्यांच्या मागे मागे नदीवर जायचे ते. घोटे सुजलेले होते. वहिनीला सांगून दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्यायला लावलं. मी भाऊंना ते सांगून उपकार म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट वर केलं.

मग ती सभा झाली.

आमच्या भागात एक अध्यक्ष होते. पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचे अध्यक्ष, पण नाव कोणी घेत नसे, सगळे अध्यक्षच म्हणत. तीन गावांत त्यांच्या शब्दावर मतं पडायची, आणि ते भाऊंच्या बाजूने होते. पुतण्या म्हणायचा, अध्यक्ष आहेत तोवर आपण निवडून आलेलोच आहोत. मतदानाच्या थोडे दिवस आधी त्यांच्याच गावात मोठी सभा ठेवली. बाहेरून मोठे नेते येणार होते. ते वाटेत होते, म्हणून मधल्या वेळात अध्यक्षांच्या वडिलांचा सत्कार ठेवला. नव्वदीला आलेले बाबा, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, आणि पायांत नवे कोरे बूट-मोजे. धोतरावर बूट-मोजे पाहून माझ्या मनात काहीतरी आलं होतं, पण मी कोण बोलणार.

मी स्टेजच्या पायरीशी उभी होते. भाऊ हार घेऊन बाबांपाशी गेले, हार घातला आणि पाया पडायला वाकले. अध्यक्ष कॅमेऱ्याकडे तोंड करून शेजारी उभे होते. लोकांना भाऊंची सवय आता माहीत होती, गर्दीतून हसण्याची लाट आली. भाऊ वर आले नाहीत. हारांचा, अत्तराचा वास सगळीकडे होता. पण त्यांचं नाक खाली होतं. मी पाहिलं, त्यांनी डाव्या बुटावर अंगठा दाबला आणि बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. बाबा हसतच होते. त्यांनी आणखी जोरात दाबलं. बाबांना पत्ताच नव्हता.

मग भाऊंनी त्या भरल्या सभेत बाबांचा बूट काढला आणि मोजा ओढला.

मोज्याबरोबर हळदीने पिवळं झालेलं फडकं निघालं. बोटं काळी होती. सावळी नव्हे, जळलेल्या लाकडासारखी काळी. वास पायरीपर्यंत आला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. कोणीतरी फोटो काढत होतं ते थांबलं. एवढ्या माणसांत फक्त जनरेटरचा आवाज ऐकू येत होता.

बाबांनी उघड्या पायाकडे पाहिलं, मग मुलाकडे. ते धोतराचा सोगा ओढून पाय झाकायला लागले. तो हात मी विसरू शकत नाही.

"गाडी लावा," भाऊ म्हणाले. माइक कुणी बंद केला नव्हता, ते सगळीकडे ऐकू गेलं.

अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला होता. ते दातांतल्या दातांत म्हणाले, "भाऊ, साहेब दहा मिनिटात येतात. कार्यक्रम होऊ द्या. मंग नेतो मी."

भाऊंनी ऐकलंच नाही. बाबांना त्यांनी लहान मुलासारखं उचललं. कमरेत वाकलेला तो माणूस एवढं ओझं उचलेल असं मला वाटलं नव्हतं. गर्दी दोन्हीकडे सरकली. बोलेरो गावाबाहेर पडताना समोरून नेत्यांच्या गाड्यांचा ताफा आला. आम्हीच रस्त्याच्या कडेला उतरून त्यांना वाट दिली. साहेब स्टेजवर पोचले तेव्हा तिथे उमेदवार नव्हता, एक बूट होता.

मागच्या सीटवर बाबांचा पाय माझ्या मांडीवर होता. नागपूरपर्यंत ते रडत होते, पण पायासाठी नाही. दुखतच नव्हतं. "पोराची इज्जत गेली," एवढंच म्हणत होते. जखम त्यांनीच लपवली होती. घरात निवडणुकीची गडबड, माणसांची ये-जा, त्यात आपलं काय सांगायचं म्हणून हळद भरून बांधून ठेवलं होतं. मी मनात घाबरत होते की आता सगळं संपलं, भाऊ पडणार, पार्लरमधली जागा गेली असेल, आणि ही सगळी फजिती कशासाठी? आणि त्याच वेळी मांडीवरचा पाय थंडगार लागत होता.

डॉक्टर म्हणाले की शुगरने झालं आहे, आणखी थोडे दिवस काढले असते तर माणूस हातचा गेला असता. अर्धं पाऊल कापलं. टाच वाचली, बाबा वाचले.

अध्यक्ष दवाखान्यात आले ते भाऊंशी एक शब्द बोलले नाहीत. पुतण्या मात्र बोलला. दवाखान्याच्या आवारात, चहाच्या टपरीवर, माझ्यादेखत. "काका, मोजा काढायच्या आधी कानात सांगता आलं असतं त्याईले."

"कानात सांगतलं असतं तं सभा झाल्यावर पाहू म्हणाले असते."

"तुमाले काय माहीत? विचारलं होतं का?"

भाऊंच्या हातातल्या चहावर साय धरली तरी त्यांनी तो प्यायला नाही.

निकाल सगळ्यांना आधीच माहीत होता. त्या तीन गावांतली मशीनं उघडली आणि भाऊ पडले, थोड्या नव्हे, चांगल्या मतांनी. मॅडमनी माझी खुर्ची ठेवली होती. मी पार्लरमध्ये परत गेले, मऊ पायांना साय लावायला लागले, आणि समजले की आता सगळं पूर्ववत झालं.

सोमवारी सकाळी कोराडीच्या स्टॉपवर राखेचे ट्रक चुकवत बोलेरो येऊन उभी राहिली. भाऊंनी काच खाली केली.

"टब कुठं आहे?"

"भाऊ, आपण तर पडलो ना?"

"मी पडलो. सोमवार कुठं पडला?"

उपकेंद्राचं कुलूप अर्थात उघडलं नव्हतं. आम्ही त्याच्या पायऱ्यांवर बसलो. पहिल्या सोमवारी गावातलं कोणीच आलं नाही. दुसऱ्या सोमवारी जयभीमवाल्या आजी शेजारच्या वस्तीतून ऑटो करून आल्या आणि बंद दारासमोर पाय सोडून बसल्या. मग नर्सबाईंनाच कसंतरी वाटलं, त्या शुगर तपासायचं यंत्र घेऊन येऊ लागल्या. असं काही महिने चाललं. एका सोमवारी काम आटोपल्यावर भाऊ म्हणाले, चल, बाबांकडे जाऊ.

त्या घरात? ज्यांना भर सभेत उघडं पाडलं त्यांच्या घरात? मी म्हटलं, भाऊ, नको, अपमान करतील. भाऊ म्हणाले, मागच्या दारानं जाऊ.

मागचं दार सुनेने उघडलं. अध्यक्ष बगीच्यात गेले होते. ती बाजूला झाली, आणि न सांगता चुलीवर पाणी ठेवलं. मागच्या खोलीत बाबा नव्हते. त्यांची खाट आता पुढे ओसरीत होती, रस्ता दिसेल अशी. डावा पाय पांढऱ्या पट्टीत. भाऊंना पाहताच त्यांनी उजवा पाय चादरीत ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

भाऊ वाकले. खाटेच्या पायथ्याशी खालीच बसले. रस्त्यावरून मोसंबीचे क्रेट लादलेला टेंपो गेला. मग भाऊ मला म्हणाले, "पोरी, आधी हात पाहा बाबांचे."

हात त्यांनी ओढला नाही. मी डावा हात घेतला, कोमट पाण्यात भिजवला, पुसला. पहिल्या बोटाच्या नखावर मतदानाची शाई होती. कातडीवरची निघून गेली होती, पण नखावरची नखाबरोबर वाढत टोकाला आली होती. म्हणजे दवाखान्यातून येऊन, त्या पट्टीच्या पायाने, हा माणूस मतदानाला गेला होता. ज्याने जीव वाचवला त्याच्यासाठी ते गेले असतील, मुलाचं न ऐकता, असं माझ्या मनात आलं. नेलकटर माझ्या हातात थांबला.

बाबांनी ते पाहिलं.

"खुर्चीवर बसवून नेलं मले," ते म्हणाले. "मीच म्हटलं, न्या." मग त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवून प्रथमच भाऊंकडे पाहिलं. "तुले पाडाले गेलो होतो. तुह्या विरोधात बटण दाबलं."

मला बसल्या जागी धक्का बसला. असा की मी त्यांचा हात सोडून दिला. एवढं करून? मी तर सुट्ट्या पैशांसाठी उपकार मानणारी बाई. या माणसाला लाज कशी वाटत नाही, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी भाऊंकडे पाहिलं. ते खाली पाहत होते.

"पाय वाचवला तू," बाबा म्हणाले. "अर्धा. ते मी नाई म्हणत नाई. पण चार लोकांत मायं पोरगं कसं उभं होतं, पाह्यलं तू? कानात सांगता नोतं येत?"

मला वाटलं भाऊ आता पुतण्याला दिलेलं तेच उत्तर देतील, 'सभा झाल्यावर पाहू'वालं.

"येत होतं, बाबा," भाऊ म्हणाले. "सुचलं नाई मले."

सून पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी होती. भाऊंनी ते घेतलं, टबात ओतलं, कोपर बुडवून पाहिलं आणि गार पाणी मागितलं. मी पुन्हा बाबांचा हात घेतला आणि शाईचं ते नख कापलं. निळसर-काळा तुकडा चादरीवर पडला. सुनेने तो हळूच उचलला.

बाबांनी चादरीतून उजवा पाय बाहेर काढला. सावकाश, जसा काही तो पाय त्यांचा नव्हे, आपणहून निघाला आहे. तो भाऊंच्या मांडीवर येऊन टेकला.

"पुढच्या वेळी बी नाई देणार मत," ते म्हणाले.

"नका देऊ," भाऊ म्हणाले. "बोट सरळ ठेवा."